मधलं नाव

दर गुरुवारी रामबागेत, वाचनालयाच्या माडीवर
आम्ही चौघं ती जाडजूड रशियन कादंबरी वाचतो.
पहिली अठरा पानं वाळवीनं आमच्याआधीच वाचून टाकलीत,
त्यामुळे चोरी नेमकी कशी झाली ते कळलेलं नाही.
आम्ही थेट पश्चात्तापापासून सुरुवात केली.

एकेका माणसाला तीन तीन नावं.
मी वैतागले, तेव्हा टिल्लूसाहेब म्हणाले,
अहो, वडिलांचं नाव मध्ये लावतात, आपल्यासारखंच.
तुम्ही मंदाकिनी दत्तात्रेयेव्ना.
आणि जुन्या मस्टरच्या पाठकोऱ्या कागदावर
सगळ्या पात्रांची हजेरी मांडून दिली,
मिलच्या गेटावर पस्तीस वर्षं मांडली तशी,
बारीक, तिरकी, खाडाखोड नसलेली.

पडता बर्फ आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नाही.
टिल्लूसाहेब ब्लोरूमचं सांगतात:
कापूस उडायचा, भुवया पांढऱ्या व्हायच्या,
माणसं त्यातून खोकत बाहेर यायची.

कादंबरीतला कारकून गप्प राहिला म्हणून
चांदीचा आळ नोकरावर आला.
नोकर वाटेतच मेला, बेड्यांसकट.
वीस वर्षांनी कारकून पाद्रीबाबांकडे जातो.
ते म्हणतात, देवानं तुला केव्हाच क्षमा केली.
कारकून म्हणतो, देवाचं काय गेलं होतं?

या ओळीवर आमचा महिना गेला.
बोंद्रेवहिनी म्हणाल्या, प्रारब्ध.
लोकरस सर म्हणाले, व्यवस्था.
टिल्लूसाहेब चष्मा पुसत राहिले,
पुसून झाल्यावरही.

मग एका गुरुवारी, पोहे गार होत असताना:
एक होता. चार मिनिटं उशीर.
लाल शाईनं खाडा लावला मी. तिसरा होता. नियम होता.
पेन माझ्या हातात होतं, हेही होतं.
नंतर तो हातगाडी ओढायचा. एवढंच ऐकलं.

शुक्रवारी ते परदेशीपुऱ्यात जाऊन आले.
काखेत कादंबरी. का नेली, त्यांनाही सांगता येत नाही.
म्हातारीला खाडा आठवला नाही, उशीर आठवला नाही,
साहेब तर नाहीच नाही.
माफीचं वाक्य हिंदीतून पाठ करून नेलेलं,
ते तोंडातच राहिलं,
कारण तिनं गादीखालून एक फॉर्म काढून पुढे केला.
मिलचे पैसे मिळणार म्हणतात, बाबूजी,
किती वर्षं झाली, म्हणतातच.
तुम्हाला लिहिता येतं ना?

मृताचं नाव. लिहिलं.
पुढच्या रकान्याशी ती अडली.
सासऱ्याचं नाव तिनं कधी तोंडानं घेतलं नव्हतं,
न घेता घेता विसरली होती.

छोगालाल पिता नानूराम,
टिल्लूसाहेबांनी न थांबता लिहून टाकलं.
रोज सकाळी तीच तर हाक मारायचे.

आपको कैसे मालूम, असं विचारलं का तिनं?
हे आम्ही विचारलं.
त्यांनी पान उलटलं.
कुठे होतो आपण? दोनशे बारा.
कारकून अजून त्या बाईच्या दारातच उभा आहे,
बूट काढावेत की नाही,
त्याला ठरवता येत नाही.