कोण घेतंय

चौथ्या दिवशीही नुसतं कट्.
नवी बॅटरी, कागलहून आणलेली,
वडणग्याच्या उतारावर ट्रॅक्टर ढकलून ढकलून
आमचीच चार्जिंग संपलेली.

दस्तगीर मिस्त्री सायकलवरनं आला,
खिशात इंडिकेटरचा बल्ब, दोन वायरी.
म्हणाला, "बॅटरीला शिव्या नका देऊ, आक्का.
ती देतीय. घेतंय कोण, ते बघूया."

निगेटिव्ह काढून मधे बल्ब धरला.
चावी माझ्या कनवटीला,
तरी पेटला.
मिणमिणता, चोरासारखा.

हॉर्न सोडवला. पेटलेलाच.
डायनामोची वायर. पेटलेलाच.
स्टार्टरच्या केबलीला उंदराचे दात,
आणि अर्थिंगच्या बोल्टावर
दसऱ्याला मी हौसेनं मारलेला निळा रंग.
तो त्यानं पान्यानं खरवडला, काही न बोलता.

मग डॅशमागं एक लाल वायर,
थेट बॅटरीला.
ओढली तसा बल्ब विझला
आणि जोतिबाच्या फोटोमागचा दिवाही.

चैत्रात, यात्रेहून आल्यावर
मीच जोडलेली.

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं नाही.
वायर तोडलीही नाही.
चावीच्या स्विचला पिळून टेप गुंडाळली, दातानं तोडली.

चावी फिरवली.
आधी देव पेटला,
मग इंजिन.