उभी बाज

बाज उभी करू नये म्हणतात.
आमच्या घरात ती दहा वर्षं रोज रात्री उभी आहे,
भिंतीला टेकून नव्हे, मधोमध, पाटावर,
आणि तिच्या चौकटीभोवती अठ्ठ्याऐंशी वेढे
तांब्याच्या तारेचे,
गौसच्या मोटार वायंडिंगमधून उधार आणलेले.
मी खाली, सतरंजीवर.

ह्यांनी देगलूरच्या तारघरात एकवीस वर्षं कडकट्ट वाजवलं.
तारा बंद झाल्या, बोटं नाही झाली.
जेवताना ताटाच्या काठावर वाजायची.
एकदा माझ्या तापल्या कपाळावर वाजली.
काय म्हटलं, विचारलं तर म्हणाले,
काही नाही, लाईन तपासली.

मग कळलं, विमानांना वाट दाखवायला
कडकट्ट अजून चालू आहे,
काट्याच्या पार खाली, जिथं गाणी नसतात.
दोन अक्षरं. परत तीच. रात्रंदिवस.
दिवसा बाज फिरवली की एका कोनावर
आवाज विळीवर चिरल्यासारखा तुटतो.
"बघ महानंदा, त्या अंगाला नांदेड."
नांदेड कुठं आहे मला माहीत होतं.
माहेर आहे माझं.

रात्रीचं वेगळं.
ऊन असेतो आभाळाचा खालचा थर
लांबचं सगळं गिळून बसतो, हे सांगतात.
दिवस मावळला की तो विरतो, वरचा उघडा पडतो,
आणि त्याच्यावर आपटून
कुठलीतरी दुसरी दोन अक्षरं आमच्या माजघरात उतरतात,
त्याच आकड्यावर,
थेट नांदेडच्या अंगावर.
कुठली, कुणाला ठाऊक. समुद्रापलीकडची असतील.
तेव्हा बाज कितीही फिरवा, काही तुटत नाही,
दिशाच जागेवर राहत नाही.
दोन आवाज एकमेकांत फुगतात, ओसरतात,
खुंटा ढिला झालेल्या जात्यासारखे.
कधी ह्याचा कट्ट त्याच्या कडवर बसतो
आणि कुणीच न पाठवलेलं तिसरं अक्षर होतं.

हे ते उतरवून घेतात.
तारेचे कोरे फॉर्म आहेत ट्रंकभर.
वेळ घालतात, सही करतात.
पत्त्याची जागा मोकळी.
"काय ऐकूलालाव एवढं?
दोघं एका टायमाला बोलूलालेत, कुणाचंच कळंना."
"म्हणून तर," म्हणाले.
त्याच्या पुढं काही नाही.

पुसात ह्यांना मोतीबिंदूसाठी नांदेडला नेलं.
पोरगा सोबत. मी घरी, म्हशीमुळं.
पहिल्या रात्री बाज आडवी टाकली,
दहा वर्षांनी तिच्यावर पाठ टेकली.
झोप कसली.
दोनदा उठून दाराची कडी बघितली, लागलेलीच होती.
दुसऱ्या रात्री उभी केली.

मला कडकट्ट येत नाही.
फॉर्मवर नुसत्या रेघा ओढल्या,
आवाज फुगला की जाड, उतरला की बारीक.
उजाडायच्या आधी लांबचा सावकाश येईनासा झाला.
थांबला असं नाही,
तो तिकडं बोलतच असणार,
इथलं आभाळ जागं झालं, एवढंच.
मग एकटं नांदेड राहिलं. स्वच्छ.
त्यातल्या कुठल्याशा दवाखान्यात
ह्यांच्या एका डोळ्यावर पट्टी.
इतकं स्वच्छ मला ऐकवेना.
बटण फिरवलं, दूध काढायला गेले.

तिसऱ्या दिवशी आले,
डोळ्यावर हिरवं फडकं.
चप्पल काढायच्या आधी विचारलं,
"कधी गेला?"
पाच बावन्न, मी म्हटलं.
फॉर्म नाकाजवळ धरला,
उघड्या डोळ्यानं एकेक रेघ वाचली,
मधल्या एका जाडजूड रेघेवर बोट थांबलं.
"हे कुठलं स्टेशन?"
म्हैस, मी म्हटलं.
त्यांनी तेही लिहून घेतलं,
वेळेसकट.