नोंद नाही

रेडिओ पिठाच्या डब्यावर असतो,
म्हणून काळा घेतलेला, आता पांढरा.
सानपाड्यात, सिडकोच्या बिल्डिंगखालचा गाळा,
दोन शेगड्या, चार लाटणी,
आणि सात वाजता ऋजुता पेंढरकर.

खंबेट्यांना ती आवडत नाही.
डबा घ्यायला येतात, घेतात, जात मात्र नाहीत.
"निमकर होते तेव्हा राग, ताल, कलावंत, संपलं.
ही बाई चहाच्या वाफेपासून सुरू करते.
आणि ललत? पावणेआठला?
सूर्य काय झोपलाय?"
मी म्हणते, काका, पारसिकच्या डोंगरामागून
आमच्या गाळ्यात ऊन यायला आठ वाजतात,
तोवर चालवून घ्या.
ते हसत नाहीत. पोळ्या पुन्हा मोजतात.

वरच्या मुणगेकरबाईंचं म्हणणं, आवाज गोड आहे
पण बारा महिने सर्दी झाल्यासारखा.
मार्केटातले लसूणवाले धनेशभाई
तिचं बोलणं तेवढं ऐकतात;
गाणं लागलं की लासलगावला फोन लावतात.
नाइट करून येणारी ब्लेसी सिस्टर
मराठी अर्धीच समजते म्हणाली,
पण रात्रभरात हा पहिलाच आवाज
जो माझ्याकडे काही मागत नाही.
तीन पोळ्या घेते ती. कधी दोन.

मला विचाराल तर मी पोळीवरून सांगते.
विलंबितात पोळी गोल होते.
द्रुत लागला की चौघींचे हात पळतात,
कडा जाड राहतात, मधे भोक पडतं,
आणि गिऱ्हाईक मला बोलतं, गवयाला नाही.
वेळ संपली की ऋजुताही तान अर्ध्यात तोडते.
निमकरही तोडायचे.
ही तोडल्यावर "माफ करा" म्हणते.
कुणाला म्हणते, कळत नाही.
आमच्याकडे कुणीच म्हणत नाही,
म्हणून मी घेऊन टाकते.

पण खरी भानगड तिच्या यादीची.
गायन झालं की ती सगळी नावं वाचते.
तबल्यावर अमुक. संवादिनीवर अमुक.
मग कागद सरकल्याचा आवाज.
मग, अजिबात न गिळता, नीट:
"तानपुऱ्यावर... नोंद नाही."

जरीना तुर्भे स्टोअर्सवरून चालत येते,
सहा महिने झाले, कणीक तिच्याकडे.
एके दिवशी मनगटापर्यंत परातीत असताना म्हणाली,
"ताई, ही नोंदनाही कोण बाई आहे?
कुणीही गाऊ दे, मागे हीच बसलेली."
द्वारका इतकी हसली की तव्यावरची करपली.
मीही हसले. हसले नाही असं कशाला सांगू.
मग सांगितलं तिला: चार तारा असतात,
सुरुवातीपासून शेवटपर्यंत छेडत राहायच्या,
थांबायचं नाही, पुढे यायचं नाही,
आणि कुणी लिहून ठेवलं नाही तर असं होतं.
जरीनाने पाणी घातलं, मूठ मारली.
"मग तिचे पैसे कोण घेऊन जातं?"

हे मला माहीत नव्हतं.

मंगळवारी खंबेटे कागद घेऊन आले.
आकाशवाणीला पाठवायचा, अकरा सह्या झालेल्या.
मुद्दा पहिला, ललत.
मुद्दा चौथा: ज्यांची नावे उपलब्ध नाहीत
त्यांचा उल्लेख करून श्रोत्यांचा वेळ दवडू नये.
अक्षर सुंदर आहे काकांचं.
मी म्हटलं, हात पिठाचे आहेत.
"उद्या येतो," म्हणाले.
उद्याही पिठाचेच होते. परवाही.
आता ते डबा घ्यायला नातवाला पाठवतात.

आज भटियार लागला होता. जुनं ध्वनिमुद्रण,
मागे कुणीतरी खोकलेलंसुद्धा ऐकू येत होतं.
संपलं. तबला सांगितला. संवादिनी सांगितली.
कागद सरकला.
परातीतला आवाज थांबला म्हणून मी वळून पाहिलं:
जरीना, दोन्ही मुठी कणकेत, मान रेडिओकडे,
आपल्या गल्लीतल्या कुणाचा निकाल लागावा तशी.

गाळ्यापाशी कुणीतरी ओरडत होतं,
वीस पोळ्या, तेल न लावता.
थांबा, मी म्हटलं, थांबा जरा.