डाव्या दिव्याचा अर्थ

तीन बल्ब झाले. चौथाही आणिकच्या वळणावर
एकदा लुकलुकला आणि गेला.
बोनेटवर थाप मारली की यायचा,
पुढच्या गतिरोधकाला पुन्हा निघायचा,
रुसलेल्या पाहुण्यासारखा.

मागे परळच्या इस्पितळांतल्या चादरींची गाठोडी,
चारच्या आत गोवंडीच्या लाँड्रीत टाकायची,
आणि कालच हवालदारानं
माझ्या एकडोळ्या टेम्पोचा फोटो काढलेला.

चेंबूरच्या एकानं फ्यूज बदलला.
दुसऱ्यानं रिले बदलला, जुना स्वतःकडे ठेवला.
तिसऱ्यानं फ्यूजच्या जागी
सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून दिली,
म्हणाला, आता कध्धी जाणार नाही.
जायचा तसाच जात राहिला,
वर वायरीला जळका वास.

मग रात्री अकराला वडाळ्याच्या ट्रक टर्मिनसवर
सत्तार मुकादम, मूळचा श्रीवर्धनचा.
दुकान म्हणजे एक पेटी,
तिच्यावर बॅटरी, बॅटरीवर चहाचा ग्लास.

त्यानं बोनेटला हातच लावला नाही.
"हेमाताई, डावा इंडिकेटर द्या."
दिला.
मेलेला दिवा मंद, तांबूस,
इंडिकेटरच्या ठोक्यावर धडधडायला लागला.
सत्तार हसला.
"बघा. स्वतःची वाट बंद,
म्हणून शेजाऱ्याच्या घरातून परत चाललाय."

मग चिमट्याचा टेस्ट लॅम्प काढला.
चिमटा बॅटरीच्या वजाला, टोक होल्डरमध्ये: लख्ख.
"करंट येतोय. झकास येतोय."
चिमटा अधिकला, टोक काळ्या वायरीला:
नुसती विझत चाललेल्या विडीएवढी ठिणगी.
"याचा अर्थ गेलाय."

कशाचा?

"अर्थ हो, ताई. अर्थ.
सगळ्यांनी पुढून करंट द्यायचं बघितलं.
बल्ब नवा, फ्यूज नवा, रिले नवा.
परत कुठून जाणार तो? विचारलं कोणी?"

शाळेत मराठीच्या पेपराला
संदर्भासह अर्थ स्पष्ट करा,
मला पाचपैकी दोन, कायम.
बाई लिहायच्या, संदर्भ आहे, अर्थ नाही.
इतक्या वर्षांनी वडाळ्यात कळलं,
तो काळ्या वायरीच्या टोकाला असतो.

वायर बॅटरीच्या ट्रेखालून,
मडगार्डच्या आतून, हाताला न दिसणाऱ्या जागी
एका दहा नंबरच्या बोल्टला टेकलेली.
बोल्टवर गंज, गंजावर पांढरी भुकटी,
ओल्या गाठोड्यांचं साबणपाणी
वर्षभर तिथंच ठिबकत होतं.
पाना लावला तर मुंडकंच तुटलं.
सत्तारनं बोल्टच्या सात पिढ्या काढल्या,
कोकणीत, हळू आवाजात,
जणू घरातल्याच माणसाला.

नवं भोक. पॉलिश पेपरनं पत्रा घासला,
पत्रा आतून चमकेपर्यंत.
नवा बोल्ट, वर बोटभर व्हॅसलीन.
फ्यूजमधली चांदी काढून माझ्या हातात दिली,
"ही घराला आग लावायची सोय."

समोरच्या टायरांच्या ढिगावर
दोन गोल पडले.
डावा जरा वर बघत होता,
स्क्रूड्रायव्हरनं त्याला खाली बघायला लावलं.

ऐंशी रुपये. मी शंभर दिले.
वीस परत करून म्हणाला,
"त्यापेक्षा एखादी फाटकी चादर द्या, हात पुसायला."
मोजून असतात, मी म्हटलं.
"मग राहू द्या."

गोवंडीच्या रस्त्यावर डावीकडे
उघडं गटार, त्यावर आडवी फळी,
फळीवर बसलेला कुत्रा.
महिनाभर हे सगळं मी पाठ करून चालवत होते,
आणि फळी पाठातच नव्हती.

घरची जुनी चादर गादीखालून काढून ठेवलीये,
शनिवारी वडाळ्याला देईन.
तुटक्या बोल्टचं मुंडकं डॅशबोर्डवर आहे,
वळणावर घरंगळतं.
टाकायचं राहूनच जातं.