छताचा दगड

दीर्घ श्वास घ्या. अजून. अजून थोडा.
आता फुंका, फुंका फुंका फुंका,
सोडू नका, एमलिन, तळातला ओढून काढा.
पडद्यावरची रेघ चढते
आणि टेकडी अर्धीच रचून मजूर निघून जावेत
तशी बसते.

ॲबरडेअरच्या दवाखान्यात मंगळवार हा छातीचा वार.
माझ्या खोलीत एक खुर्ची, एक नळी, नाकाला चिमटा
आणि खिडकीतून दिसणारा हिरवा डोंगर,
जो डोंगर नाही.
एमलिन प्रॉसर सांगतात, तो आम्ही वर आणून टाकलेला गाळ.
गवत नंतर पेरलं. मेंढ्या आपल्या आपण आल्या.

दोन फुंकांच्या मध्ये जरा विसावा असतो,
त्यात ते बोलतात.
सोळाव्या वर्षी खाली. बेचाळिसाव्या वर्षी वर,
कारण खाणच मिटली.
मग आठ वर्षं कोकच्या भट्टीवर.
वारा लागू न देता कोळसा भाजायचा
(राखेत पुरलेल्या रताळ्यासारखा, मी मनात म्हणते),
उरेल तो पोलादाला,
पूर्वी त्याच्या वायूवर रस्त्यांचे दिवे जळायचे,
आणि जो चीक गळतो त्यातून रंग, औषधं, साबण,
आणि त्या पांढऱ्या गोळ्या,
कपड्यांना कसर लागू नये म्हणून ठेवतात त्या.

डांबरगोळ्या!
आईचा शालू अजून त्या वासात आहे,
घुग्घुसला, लोखंडी ट्रंकेत,
जिथं सकाळी दोरीवर घातलेलं पांढरं
संध्याकाळी राखी होऊन घरात यायचं.
सात समुद्र ओलांडून मी पुन्हा त्याच काळ्याच्या दारात.

मी त्यांना म्हण सांगितली,
कोळसा उगाळावा तितका काळाच.
इंग्रजीत ती जरा लंगडली.
ते हसले, हसता हसता खोकले,
आणि रुमाल दुमडून खिशात घातला, मला दिसू न देता.
'असेल. पण उगाळलाय कुणी? आम्ही तर जाळला.
तीस कोटी वर्षांपूर्वीचं रान,
आणि मेन्ना म्हणायची, टाक अजून एक फावडं,
टीव्ही बघताना पाय गार पडतात.'

पाय गारच पडतात इथं. खोटं कशाला बोलू.

दुसरी फुंक. पहिलीपेक्षा कमी.
'गेलेला भाग परत येईल का गं, औषधानं?'
मी म्हटलं, आहे तो टिकवू.
'खाणीबद्दलही हेच म्हणायचे. शेवटच्या वर्षी.'

निघताना पिशवीतून काढलं काहीतरी, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.
काळपट पाटी, आणि तिच्यावर नेच्याचं पान,
शीर न् शीर.
कोळसा? मी विचारलं.
'छे! हा छताचा दगड. कोळशाच्या वर असतो.
हा जळत नाही.
एकोणऐंशी साली माझ्या बुटापासून वीतभरावर पडला.
शिवी घालून उचलला, तर हे.
खालचं सगळं नेलं आम्ही,
बोटींना, भट्ट्यांना, मेन्नाच्या पायांना.
हे पान तेवढं राहिलं.
घरी आता बघायला कुणी नाही. तू ठेव.'

माझ्या भाड्याच्या घरात ना शेगडी, ना कोनाडा.
खिडकीतच ठेवला, नळ्यांच्या खोक्याशेजारी.

पुढच्या मंगळवारी ग्वाइलिम टेडर आले.
इथं येणारे सगळे म्हातारे बसण्याआधी
एकदा वर बघतात, पांढऱ्या रंगवलेल्या छताकडे.
त्यांनीही बघितलं.
मग दगड उचलला, पान बघितलंच नाही,
बोटाच्या पेरानं टक्कन वाजवला
आणि कान देऊन ऐकत राहिले,
पोकळ आहे की भरीव.

'हं,' म्हणाले.
जागेवर ठेवला. खुर्चीत बसले.
चिमटा स्वतःच लावला नाकाला.