एक वीत म्हणजे एक कोटी

टेम्पो येळ्ळूरहून सुटला तेव्हा
आत चौतीस पोरं, दोन शाळांची.
आवार एक, पाण्याची टाकी एक,
आमची पाटी मराठी, त्यांची कन्नड.
हिरेमठ सर पुढं, मांडीवर लिंबांची पिशवी.
माझ्याकडं हातोडा, भिंग
आणि विहिरीची जुनी दोरी.

लिंबं होती चुनखडीसाठी.
यादवाडहून सरांनी एक तुकडा आणला होता:
आधी ठेचायचा, मग वर पिळायचं,
मग कान लावून ऐकायचं, दगड कसा फसफसतो.
दोन लिंबं दगडाला लागली.
उरलेली मीठ लावून
सुळेभावीच्या आतच संपली.

मार्चमध्ये गोडचिनमलकीला
मार्कंडेय अंग चोरून वाहते,
म्हणून खडक मोकळा सापडतो.
तांबूस, कडक, आणि त्याच्यावर लाटा.
खरोखरच्या लाटा, बोटाबोटाएवढ्या,
उथळ पाण्यानं वाळूवर काढलेल्या
आणि पुसायच्या राहून गेलेल्या.
"बाई, हे कुणी कोरलंय वो?" म्हणाला नागोजी,
आणि मी तोंड उघडायच्या आत
त्यानं चपला काढल्या.
देवळात काढतात तशा नव्हे,
पाण्यात उतरताना काढतात तशा.

मग दोरी सोडली.
एक वीत म्हणजे एक कोटी वर्षं.
वीत कुणाची, यावर भांडण.
शेवटी दुर्गव्वा वड्डरची ठरली,
तिचा पंजा सगळ्यांत मोठा,
बापाबरोबर खाणीवर जाऊन रुंदावलेला.
ती मोजत निघाली, ओंदु, यरडु,
आमची पोरं मागून तीन, चार,
सातव्या गाठीच्या अलीकडं मी थांबवलं:
इथं आपल्या गावचा काळा दगड.
लाव्हा होता, वाहत आला, निवला.
आपण त्याचे पाटे केले, पायऱ्या केल्या.
पुढं मोजा.

पुढं दोरी झुडपात गेली,
झुडपातून उताराला लागली,
शंभराव्या वितीला संपली.
खाली सर उभे होते, हातात मोकळं टोक,
आणि पायाखालच्या लाटा
अजून पुढंच कुठंतरी.
मधल्या वितींचं इथं काहीच उरलं नाही, मी म्हटलं.
पानं फाटलेली वही.
"मग परीक्षेत काय लिहायचं?"
फाटलेली आहेत, असं लिहायचं.

नागोजी अजून पहिल्या टोकाशी बसून होता.
"बाई, आमच्या आज्जाची गाठ कुठं मारू?"
त्याचा आजोबा सीमेच्या आंदोलनात
आठ महिने हिंडलग्याच्या तुरुंगात होता,
हे साऱ्या गल्लीला पाठ.
मी सुंभाचा एक धागा उसवून दाखवला.
तो म्हणाला, एवढा?
म्हटलं, हाही फार जाड झाला.
तो रुसला नाही. धागा चिमटीत धरून
उन्हाकडं करून बघत राहिला,
बराच वेळ.
मला वाटलं, बोलायला नको होतं.

दुर्गव्वा तेव्हा हातोडा घेऊन
एकेका दगडाला हलकं ठोकत होती.
एकाशी कान नेला. "इदु मूक," म्हणाली, टाकला.
दुसऱ्याशी थांबली.
"ई कल्लु हाडतैती."
सरांनी मला मराठी करून सांगायला तोंड उघडलं,
तोवर नागोजीच म्हणाला,
गातोय म्हणती, बाई. ऐका की.
दोन डोकी एका दगडाला टेकलेली.
मीही टेकवलं.
आत काय होतं ते माझ्या पुस्तकात
कठीणपणाच्या तक्त्यात, सात आकड्यासमोर आहे.

परतताना टेम्पो जड होता.
एकही दगड उचलायचा नाही, असं बजावलं होतं.
ड्रायव्हर बसू म्हणाला, चढाला इंजिन सांगतंय बाई,
खिसे बघा पोरांचे.
मी बघितले नाहीत.
माझ्या पर्समध्ये पण एक होता.

अहवालाच्या तक्त्यात
'सहलीचे फलित' असा रकाना आहे, दीड इंचाचा.
तो अजून कोरा आहे.
दोरी मात्र मुलींनी मागून घेतली.
मधल्या सुट्टीत दोघी दोन टोकं धरतात,
एक मराठीतून मोजते, एक कन्नडमधून,
आणि मधली उडी मारते.
गाठी तशाच आहेत.
जमिनीला लागताना टक्क वाजतात,
कोटी, कोटी, कोटी.