इनायतची जागा

कुंडलिकेच्या पुलाअलीकडे, सिंधी बाजारामागच्या बोळात
इनायतचं रेडिओ रिपेअरिंग.
दोन बाकडी, मान मोडलेला टेबल फॅन
आणि पितळी डब्यात
तोंड वर करून बसवलेला स्पीकर.
डब्यामुळं आवाजाला पोट सुटतं, असं तो म्हणायचा.

गुरुवारी रात्री आम्ही जमायचो.
मिशन हॉस्पिटलातला कंपाउंडर सॅम्युएल निर्मळ,
रोलिंग मिलमधला गिराम, कानात कायम कापसाचे बोळे,
आणि मी, बियाण्याच्या पाकिटांवर लॉट नंबर मारणारा.

कॅसेट सॅम्युएलची.
कुणी परदेशी डॉक्टर जाताना ठेवून गेलेला,
कव्हर आधीच हरवलेलं.
म्हणून गाण्यांची नावं आम्हीच ठेवली:
जीप चढावर.
वेडा पाळणा.
बिल भरलं तरी लाईट नाही.
इंग्रजी तेवढं कुणालाच यायचं नाही,
पण तक्रार कळते.

गिराम पहिल्यांदा ऐकून म्हणाला,
काहून वरडू लागला एवढा, याची बी नाईट हाय का?
मग एकेक करून बोळे काढले
आणि शर्टाच्या खिशात ठेवले.
दिवसभर लोखंड ऐकून आलेला माणूस
रात्रीही लोखंडच ऐकत होता,
फक्त हे सुरात लावलेलं.

एकदा मशीननं फीत खाल्ली.
जीप चढावर, ऐन चढावर.
इनायतनं चुरगळलेला तुकडा कापला,
तेवढ्याच मापाची कोरी फीत जोडली.
सात सेकंद नुसती खरखर.

पुढच्या गुरुवारी ती जागा आली तेव्हा
त्यानं हात वर केला, नक्को, कोई बोलो नक्को,
आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन
चहाच्या ग्लासावर, डब्याच्या काठावर,
शेवटी बशीवर एकच, हलकी.
बशी वाजली आणि गिटार परत आली
जशी काही तिचीच वाट बघत थांबली होती.
चर्चमध्ये पेटी वाजवणारा सॅम्युएल
मांडीवर थाप मारून म्हणाला,
जागा घेतली राव यानं.

त्यानंतर ती त्याचीच.
किती वर्षं, मोजली नाहीत.

आता दुकानात मोबाईलची कव्हरं लटकतात.
इनायतची धाकटी, समरीन, काचा चिकटवते,
बुडबुडा राहू देत नाही.
गेल्या महिन्यात तिनंच शोधून काढलं गाणं,
आम्ही तोंडानं वाजवून दाखवल्यावर, तिसऱ्या खेपेला.
स्क्रीन पुढं केली, हे घ्या, खरं नाव.
गिरामनं चष्मा काढून हातात धरला.
राहू दे, म्हणाला, लाव.

इतकं स्वच्छ, की
आमच्यापैकी कुणाचंच वाटेना.
आणि मग ती जागा.
खरखर नाही. गिटार आहे,
आणि ती चढत नाही,
उतरते, चार पायऱ्या, सावकाश,
मधे कुणीतरी श्वास घेतल्याचंही ऐकू येतं.
सॅम्युएल म्हणाला, इथं चुकलंय त्यांचं.
आम्ही मान हलवली.
कोणी हसलं नाही.

समरीननं परत लावलं.
या वेळी तिथं येताच आवाज शून्यावर नेला
आणि ओठांतल्या ओठांत सातपर्यंत मोजलं.
काउंटरवर स्क्रू ड्रायव्हर होता, ग्लासही होता.
कुणी हात लावला नाही.
बाहेर सळयांनी भरलेला ट्रक
मोंढ्याकडं वळताना खड्ड्यात आपटला आणि वाजला,
जरासा उशिरा.